उतार कुणाकडे?

घरापुढच्या अंगणाला कोबा करावा, असं आमच्या घरात पंधरा वर्षं चाललं होतं. पंढरपुरात राहून या कामाला इतकी वर्षं लागावीत ही तशी लाजेचीच गोष्ट. कारण फरसबंदीचं जगातलं सर्वांत झटपट काम याच गावात झालं. पुंडलिकानं मिस्त्री गाठला नाही की अंदाजपत्रक मागवलं नाही. आईबापांचे पाय चेपता चेपता एक वीट मागे फेकली, पाहुणा तिच्यावर उभा राहिला, आणि अठ्ठावीस युगं झाली म्हणतात, तरी ती वीट खचली नाही, कलली नाही की तिला तडा गेला नाही. आमच्या अंगणाला तडा जायला अकरा महिने पुरले.

तडा का गेला, हे आता मी कुणालाही फुकट सांगतो. आमच्या भीमाकाठची माती काळी. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. थोडक्यात, तिचा स्वभाव आमच्या थोरल्या मेव्हण्यासारखा आहे. तिच्यावर नुसता कोबा ओतला की तो तिच्याबरोबर वरखाली व्हायला लागतो. म्हणून ती आधी फूट-दीड फूट काढून टाकावी, मुरूम भरावा, पाणी मारावं आणि थराथरानं धुमसावा. हे मी मिस्त्रीला भीतभीत सुचवलंही होतं. तो म्हणाला, "मालक, ही माती तुमच्या आज्याच्या पायाखाली दबलीया. हिला आनि काय दाबायचं?" मला ते एकदम पटलं. पैसे वाचत असले की माणसाला कुठलंही शास्त्र पटतं.

दुसरी चूक पाण्याची. नव्या कोब्याला निदान सात दिवस, खरं तर दहा दिवस, पाण्यात ठेवायचं असतं. तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी त्याच्यावर मोटारसायकल चढवली. चाकाची नक्षी अजून आहे. तिसरी चूक सौभाग्यवतींची, म्हणजे अर्थात माझी. दर दहा फुटांवर सांधा सोडावा आणि वरचा पृष्ठभाग खरबरीत ठेवावा, असं जाणकार सांगतात. सांध्याच्या रेघा तिला दिसायला नको होत्या, आणि पृष्ठभाग आरशासारखा घोटून हवा होता. मिस्त्रीनं घोटून दिला. पहिल्याच पावसात त्या आरशावर मी पोस्टमनच्या साक्षीनं साष्टांग नमस्कार घातला.

पण या चुकांबद्दल माझी तक्रार नाही. त्यांची शिक्षा चूक करणाऱ्यालाच होते, कमरेत होते आणि रीतसर होते. मला झोप लागू दिली नाही ती चौथ्या चुकीनं.

कोबा ओतायच्या सकाळी मिस्त्रीनं विचारलं, "मालक, उतार कुनीकडं काडू?"

प्रश्न साधा होता. दहा फुटांना दीड-दोन इंच ढाळ द्यायचा एवढंच. पण कुणीकडं? पुढं रस्ता. तो दरवेळी जुन्या डांबरावर नवं डांबर चढत गेल्यानं आमच्या अंगणाहून हातभर उंच झालेला. मागं माझाच उंबरा. डावीकडे वकील राहतात. उजवीकडे अण्णा, निवृत्त शिक्षक, पस्तीस वर्षं पोरांना शिकवूनही आवाज न चढलेले. मी क्षणभरही विचार न करता उजवीकडे बोट दाखवलं.

पाणी सखल भागाकडे वाहतं, हे आपण शाळेत भूगोलात शिकतो. माणसांच्या वस्तीत ते गरीब स्वभावाकडे वाहतं.

जूनमध्ये एका रात्री चांगला पाऊस झाला. आमचं अंगण वीस फूट बाय पंधरा फूट. एवढ्या जागेवर इंचभर पाऊस पडला की सातशे लिटर पाणी होतं. सकाळी सहाला दार उघडलं, तर अण्णा धोतर खोचून त्यांच्या तुळशीवृंदावनाभोवतीचं पाणी बादलीनं उपसत होते. मला पाहून थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "यंदा सुरुवात बरी झाली, नाही?"

बस्स, एवढंच. माणूस भांडला असता तर मी वाचलो असतो. भांडणात आपली बाजू आपोआप बरोबर होत जाते. अण्णांनी मला ती सोय ठेवली नाही.

मग मी डावीकडच्या वकिलांकडे गेलो. ते खूश झाले. म्हणाले, "१८८२ चा ईझमेंट ॲक्ट, कलम सात! वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकरीत्या खाली वाहत असेल, तर खालच्यानं ते वाहू दिलं पाहिजे." मी उड्या मारतच घरी निघालो. फाटकापाशी 'नैसर्गिकरीत्या' हा शब्द आडवा आला. इतकी वर्षं माझं बरंचसं पाणी माझी मातीच पीत होती. तिच्या तोंडावर सिमेंटचा बोळा मी बसवला, आणि तिची तहान अण्णांच्या दारात नेऊन ओतली. यात निसर्गाचा हात कुठं होता?

संध्याकाळी मन रमवायला वाळवंटात गेलो. तिथं थोडं समाधान मिळालं. मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं, भीमा उजनी धरणात येते आणि तिथून आमच्या चंद्रभागेत. म्हणजे सबंध पुणे शहराच्या अंगणाचा उतार आमच्याकडे आहे! आम्हीही ते पाणी पुढं कर्नाटकात कृष्णेकडे लावून देतो. सगळं जगच असं उजवीकडे बोट दाखवत असताना मी एकट्यानं का जागायचं?

परतताना महाद्वारावरून आलो. नामदेव पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला गावकूस बांधायच्या कामावर असताना ते कोसळून चोखोबा त्याखाली गेले. १३३८ साल सांगतात. माझ्या वीस बाय पंधराच्या अंगणाला एवढी मोठी गोष्ट लावणं हा उद्धटपणाच. पण पाय तिथं थबकले खरे. बांधकाम काढणारा बहुधा कोसळणाऱ्या भिंतीखाली नसतो. मुरुमाचे पैसे माझे वाचले होते. बादली अण्णांच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. कोबा फोडा, मुरूम भरा, सांधे सोडा, आणि उतार माझ्याच पेरूच्या झाडाकडे घ्या. तिथं मोठा शोषखड्डा. तळाला मोठे दगड, वर खडी, त्यावर वाळू.

मिस्त्री डोक्याला हात लावून म्हणाला, "आपलं पानी आपल्याच दारात जिरवनार व्हय?"

"होय. आपलंच आहे ते."

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की बिल आगाऊ मागावं की काय, हा विचार तिच्यात स्पष्ट दिसत होता. खर्च पहिल्यापेक्षा दीडपट आला. भलेपणा उशिरा सुचला की त्याला व्याज पडतं.

पुढच्या पावसात अण्णा स्वतःहून आले. खड्ड्याकडे, उताराकडे, पेपर तपासावा तसं बघत राहिले. "छान जमलंय," म्हणाले. मग बराच वेळ घुटमळले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्या गच्चीचा पाइप मागच्या बोळात पडतो. तिथं एक म्हातारी राहते. बिचारी कधी काही बोलत नाही."

त्याच संध्याकाळी मिस्त्रीला आळीतलं दुसरं काम मिळालं.