दिवा कोणासाठी लागतो?

आमच्या घरची मोटार २०१४ सालची. तिने आजवर सव्वा लाखाहून अधिक किलोमीटर अंतर कापले आहे. फोंड्याहून चोर्ल्याच्या घाटाने ती बेळगावास किती वेळा गेली-आली असेल याची मोजदाद आम्ही ठेवलेली नाही. सोयरीक, बारसे, जत्रा, आजारी आप्ताची भेट, अशा सर्व प्रसंगी तिनेच आम्हांस वाहून नेले. २०२३ च्या पावसाळ्यात एके दिवशी, घाट उतरून साखळीस पोचता पोचता, चालकासमोरच्या फळीवर इंजिनाच्या आकृतीचा एक लहानसा पिवळा दिवा लागला. मुद्दाम लिहून ठेवावा असा हा प्रसंग नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि त्या दिव्याने पुढे दोन वर्षे आमची जी परीक्षा पाहिली, तिच्यात आम्ही सर्वस्वी उत्तीर्ण झालो असे म्हणवत नाही, म्हणून हे लिहिणे.

गाडी तशी उत्तम चालत होती. चढावर मधूनच एखादा गचका बसे, इतकेच. दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेलो. तेथील तरुण कारागिराने स्टिअरिंगखालच्या खाचेत आपले स्कॅनर यंत्र जोडले, आणि पडद्यावर पी०३०२ हा आकडा उमटला. दुसऱ्या सिलिंडरात इंधन नीट पेटत नाही, असा त्याचा अर्थ. गॅरेजांच्या भाषेत, इंजिन 'मिसिंग' करते. आम्ही चिंतातुर मुद्रेने पाहत आहोत असे दिसताच तो हसून म्हणाला, "गाडी बरी चलता न्हय? मागीर दिव्याक कित्याक भियेवप?" असे म्हणून त्याने एक कळ दाबली आणि दिवा मालवला. आम्हांसही तेच हवे होते. नऊ दिवसांनी दिवा पुन्हा लागला, पुन्हा पुसला गेला. तिसऱ्या खेपेस आम्ही मोबाइलशी बोलणारे एक लहानसे यंत्र स्वतःच विकत घेतले. त्यानंतर, पूर्वी घरोघर घड्याळास चावी देत, त्याच निर्विकारपणे आम्ही आठवड्या-पंधरवड्यास तो दिवा पुशीत गेलो.

यात गैर ते काय, असे वाचक विचारतील. गाडी आमची, दिवाही आमचाच. आम्हीही बरेच दिवस स्वतःची समजूत अशीच घातली होती. परंतु हा दिवा मुळात आमचा होता काय?

तेलाचा दिवा किंवा इंजिन तापल्याचा दिवा मालकाच्या हितासाठी असतो. तो दुर्लक्षिला तर मालकाचेच इंजिन जळते. या पिवळ्या दिव्याची कुळकथा निराळी आहे. लॉस एंजेलिस शहरावर मोटारींच्या धुराचे जे दाट मळभ धरू लागले, त्याच्या निवारणासाठी कॅलिफोर्निया राज्याने जे नियम केले, त्यांतून १९८८ सालच्या मोटारींपासून हा दिवा सक्तीचा झाला. १९९६ पासून सर्व अमेरिकेत अधिक कडक स्वरूपात, २००१ पासून युरोपातील पेट्रोल मोटारींत, आणि आपल्याकडे २०१० व २०१३ अशा दोन टप्प्यांत तो आला. हेतू सर्वत्र एकच: धूर शुद्ध करणारी यंत्रणा बिघडली तर ते चालविणाऱ्यास कळावे. कारण एरवी ते त्यास कळतच नाही. धुराच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचे एक भांडे असते. त्यात मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र चिनी माती असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो. इंजिनातून येणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेल्या पेट्रोलाची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तेथे बहुतांशी कर्बवायू, पाणी व साधा नायट्रोजन यांत रूपांतर होते. हे भांडे निकामी झाले तरी गाडी सहसा पूर्ववत् धावते. मालकाचे नाक पुढे असते, नळी मागे असते.

तेव्हा "गाडी बरी चालते" हे त्या दिव्यास दिलेले उत्तरच नव्हे. तो प्रश्न त्याने विचारलेलाच नसतो. गाडीच्या मागे सायकलवरून शाळेस जाणारा मुलगा, किंवा देवळाच्या पायऱ्यांशी फुले घेऊन बसलेली बाई, जिच्यासमोर आम्ही इंजिन चालू ठेवून खुशाल मंडळींची वाट पाहतो, अशांच्या वतीने तो बोलत असतो. ही माणसे आम्हांस काही सांगू शकत नाहीत. बहुधा त्यांस आपल्या श्वासात काय गेले हे ठाऊकही नसते. त्यांचा एवढा एक प्रतिनिधी आमच्या गाडीत बसलेला, आणि त्यासच आम्ही दर पंधरवड्यास गप्प करीत होतो. आमच्यापाशी पीयूसीचा दाखला होता, ही सबब घरात पुष्कळदा निघाली. पण दाखला वर्षाकाठी एखाद्या दिवशी उभ्या गाडीचा धूर मोजून मिळतो. दिव्यामागील यंत्रणा चालत्या गाडीवर रोज नजर ठेवते.

याचा अर्थ दिवा म्हणेल ते प्रमाण मानावे असा मात्र नव्हे. आपल्या नैयायिकांनी पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करताना केवढी सावधगिरी सांगितली आहे! धूर आहे की धुके, हे आधी ठरवावे लागते. आणि जो हेतू साध्य नसतानाही आढळतो, त्यास हेत्वाभास म्हणून बाजूस सारावे लागते. स्कॅनरवरचा आकडा हा हेतू आहे, निर्णय नव्हे. उदाहरणार्थ, पी०४२० हा आकडा कन्व्हर्टरचे काम ठरलेल्या मर्यादेहून कमी पडते, इतकेच सांगतो. त्याचे कारण कन्व्हर्टर झिजला हे असेल, नळीस चीर पडून बाहेरची हवा आत शिरते हे असेल, किंवा ऑक्सिजन मोजणारा सेन्सर म्हातारा झाला हेही असेल. आकडा वाचून लगेच भाग बदलणारा कारागीर हा धुके पाहून घागरी घेऊन धावणाऱ्यासारखा होय, आणि त्या घागरींचे पैसे गिऱ्हाईकास द्यावे लागतात. अमेरिकेत पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल राहिले तरी हा दिवा लागतो, कारण तेथे टाकीतून निसटणाऱ्या वाफेचीही झडती घेतली जाते.

शिवाय ती यंत्रणा स्वतःही उतावीळ नसते. पुष्कळसे दोष एकदा दिसले तर ती केवळ नोंद करते. दुसऱ्या फेरीतही तोच दोष दिसला तरच दिवा लावते. पुढे लागोपाठ तीन फेऱ्यांत तो आढळला नाही तर दिवा आपण होऊन मालवते, आणि नोंद मात्र इंजिन चाळीस वेळा थंड होऊन तापेपर्यंत जपून ठेवते. शेजाऱ्याविषयी मत बनविताना आपल्यापैकी किती जण दुसऱ्या फेरीची वाट पाहतात, हा विचार येथे मनात आल्यावाचून राहत नाही. असो. दिवा स्थिर असेल तर गाडी लवकर दाखवावी. लुकलुकू लागला तर मात्र वेग कमी करून ती बाजूस घ्यावी, कारण तेव्हा बिघाड कन्व्हर्टर जाळण्याइतका तीव्र असतो.

आमचा दिवा लुकलुकला नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दहा महिने गेले आणि आकडा बदलला: पी०३०२ च्या जोडीस पी०४२० आला. तेव्हा फोंड्यातील एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. त्याने यंत्र जोडण्यापूर्वीच विचारले, "पहिल्यांदा कधी लागला? तेव्हा कोणता आकडा होता? मध्ये काय काय केलेत?" आम्ही खाली पाहिले. दुसऱ्या सिलिंडराची इग्निशन कॉइल अशक्त झाली होती. ठिणगी चुकली की पेट्रोल न जळता पुढे जाते आणि कन्व्हर्टरच्या पोळ्यात जाऊन पेटते. दहा महिन्यांत ते पोळे भाजून निघाले होते. कॉइलची किंमत टाकीभर पेट्रोलाहून कमी होती. कन्व्हर्टरची तिच्या कित्येक पट.

आमची चूक दिरंगाईची, असे मिस्त्री म्हणाला. आम्हांस ते पुरेसे वाटत नाही. मर्यादित मिळकतीच्या मनुष्यास पुष्कळ गोष्टी लांबणीवर टाकाव्या लागतात. मुलीच्या फीचा हप्ता आधी आणि गाडी मागाहून, असे कोणी ठरविले तर त्यास दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. तो दोष जाणून थांबला आहे, आणि हाती पैसा येताच त्याचे पाऊल कोठे वळेल हे त्यास ठाऊक आहे. आम्ही दिवा पुशीत होतो, म्हणजे जाणण्याचे साधनच नाहीसे करीत होतो. एकदा पुसले की यंत्रणेच्या सर्व चाचण्या पुन्हा प्रारंभापासून सुरू होतात. त्या पुऱ्या होईपर्यंत ती जवळजवळ आंधळी असते. त्या आंधळेपणास आम्ही स्वस्थता समजत होतो.

कॉइल बदलली, कन्व्हर्टर तेवढा राहिला. मध्यंतरी गाडी विकावी असे घरात ठरले. मध्यस्थाने डिचोलीचा एक तरुण शिक्षक गिऱ्हाईक म्हणून आणला, आणि येण्याच्या आदल्या रात्री आम्हांस फोन करून सुचविले, "तो येण्याआधी दिवा पुसून ठेवा. पन्नास किलोमीटर चालवून काही तो बघणार नाही." यात खोटे बोलावयाचे नव्हते. त्याने विचारावयाचे नव्हते, आम्ही सांगावयाचे नव्हते. पण शब्दावाचून असत्य घडते की नाही? अश्वत्थाम्याविषयी युधिष्ठिर जे बोलला ते अक्षरशः खरे होते, आणि तरीही भूमीवरून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आम्हांस तर अक्षरही उच्चारावयाचे नव्हते.

व्यवहारात विकणाऱ्याने काही अंशी मौन राखले तर ते क्षम्य असेल. घेणाऱ्यासही डोळे असतात आणि त्याने ते वापरावे अशी बाजाराची अपेक्षा असते. परंतु स्वतः मौन राखणे निराळे, आणि जो तिसरा साक्षीदार बोलणार आहे त्याच्या तोंडावर हात ठेवणे निराळे. हा भेद आज आम्ही इतक्या स्वच्छपणे मांडतो. त्या रात्री तो तसा सुचला नव्हता. हाती मोबाइल होता, पडद्यावर ओळखीची ती कळ होती, आणि कित्येक वेळा चुकीच्या न वाटलेल्या कृतीस हात धजत नव्हता, इतकेच खरे. चिरंजीवांचे म्हणणे, सगळेच असे करतात. घरच्या मंडळींनी विचारले, "तो मास्तर गाडीतून कोणाला नेणार?" त्याचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते.

सकाळी शिक्षक आला. दिवा लागलेला होता. आम्ही त्यास दोन्ही आकडे, तारखा, आणि जितक्या वेळा दिवा पुसला होता ते सर्व एका कागदावर लिहून दिले. त्याने तो कागद सावकाश वाचला, चहा घेतला, विचारून कळवितो म्हणाला आणि गेला. तो परत आला नाही. मध्यस्थानेही आमच्याकडे येणे सोडले. गाडी अद्याप आमच्याकडेच आहे. गेल्या चवथीपूर्वी कन्व्हर्टर बदलून घेतला.

पुढे कळले की त्या शिक्षकाने मडगावास दुसरी एक जुनी गाडी घेतली. "तिचा एकही दिवा लागत नाही," असे तो समाधानाने सांगत होता म्हणे. ते ऐकून आम्ही अस्वस्थ झालो. किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा पिवळा दिवा क्षणभर तरी लागलाच पाहिजे; तेव्हाही न लागला तर तो काढलेला किंवा झाकलेला आहे असे समजावे. तसेच, यंत्रणेच्या चाचण्या अपुऱ्या आहेत असे स्कॅनर दाखवीत असेल तर दिवा नुकताच पुसला गेला असण्याचा फार संभव असतो. आमच्या गाडीविषयी आम्ही त्यास सर्व काही सांगितले होते. हे मात्र त्या सकाळी त्यास सांगावयाचे राहून गेले.