सहा इंचांची पायरी

लातूर-धाराशिव भागात ‘पुनर्वसन’ हा शब्द लहान पोरालाही ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीची भुई हादरली आणि दगडमातीच्या भिंती, जड माळवदं निजल्या माणसांवर कोसळली. जवळपास दहा हजार जीव गेले. पुढं ५२ गावं नव्या जागी वसली. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांत पाठीचा मणका मोडलेली माणसंही होती. घरांचं पुनर्वसन सरकारनं केलं. कमरेखालचं अंग लुळं पडलेल्या माणसाचं कुणी करायचं? प्रश्न जुना झालेला नाही. आजही कुणी चिंचेवरून पडतो, कुणी विहिरीत, कुणी नांदेड-लातूर रस्त्यावर दुचाकीवरून.

ऑपरेशन होतं, माणूस घरी येतो आणि त्याची खाट ओसरीवरून आतल्या खोलीत जाते. घरचे जीव लावतात. “तू पडून राहा, आम्ही आहोत की,” म्हणतात. त्या बोलण्यातली माया खरीच असते. पण हळूहळू सोयाबीन कधी विकायचं, पोरीला कुठं द्यायचं, हेसुद्धा त्याला न विचारता ठरू लागतं. पाय अपघातात गेले. घरातला शब्द मात्र आपल्या मायेनं गेला.

चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाजवळ तासभर बसून पाहावं. बोलता बोलता तो दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवतो, सगळं अंग वर उचलतो, थोडा वेळ तसंच तोलून धरतो आणि अलगद खाली बसतो. पाव तासानं पुन्हा तेच. खालच्या कातडीला दुखणं कळत नाही. रक्त अडलं की जखम होते आणि ती हाडापर्यंत जाते. लघवीची जाणीवही उरत नाही, म्हणून दर चार-सहा तासांनी घड्याळ पाहून स्वच्छ हातांनी नळी घालायची. रात्री कूस बदलायचीही आठवण ठेवायची. आपलं शरीर जे आपल्या नकळत उरकतं, ते हा माणूस जागेपणी, नेमानं करतो. इतका नेम पाळणाऱ्याला ‘बिचारा’ म्हणायला जीभ रेटू नये.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे पाय ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर गेले. निराशेच्या त्या काळात त्यांना त्यांच्यासारखाच, पाय गेलेला, पण स्वतः मोटार चालवणारा एक गृहस्थ भेटला. उपदेशाच्या शंभर गोष्टींनी झालं नसतं ते त्या दर्शनानं झालं. त्या शिकल्या, सरकारी नोकरी केली, १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि आपली कहाणी ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनात मांडली. त्यांना मदत लागली नाही असं नाही. कुणाला लागत नाही? मदत केव्हा घ्यायची, किती घ्यायची आणि कशासाठी, हे ज्याचं त्यानं ठरवावं. स्वावलंबन म्हणतात ते हेच.

म्हणून खुर्ची ढकलण्याआधी विचारावं, “ढकलू का?” नको म्हटलं तर हात मागं घ्यावा. डॉक्टरांकडं गेलं की त्यांनी सोबत्याशी न बोलता खुर्चीवरच्या माणसाशीच बोलावं.

आणि एक काम आपल्या दारातलं. लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचं वजिराबाद, दुकानाच्या पायरीशी चाक थांबतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं वावरण्याची सोय हा हक्क मानला आहे, पण पायरी कायद्यानं आपोआप झिजत नाही. एका इंचाला एक फूट, असा उताराचा साधा हिशेब आहे. या आठवड्यात आपल्या दाराची पायरी मोजा. सहा इंच भरली तर सहा फुटांचा उतार लागेल. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. तेवढं झालं की आतल्या खोलीतला तो माणूस स्वतःच्या हातांनी चाक फिरवत आपल्या दारी येईल, आणि चहा घ्यायचा की नाही हे तोच सांगेल.