ओले धान्य वर ठेवा



दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की मशिदीत दुआसाठी येणाऱ्या माता-पित्यांची संख्या वाढते. कोणी मुलाचे पेनही दम करून घेण्यासाठी आणतात. दुआ अवश्य करावी. परंतु त्याच घरातील मूल भीतीने कासावीस होऊन खिशात चिठ्ठी लपवीत असेल, तर त्याला काय म्हणावे? अपराधी की असहाय?

सहीह मुस्लिममधील एक हदीस येथे मार्ग दाखविते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या एका राशीत हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले निघाले. पाऊस लागला, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, लोकांना दिसावे म्हणून ओले धान्य वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी विचारले आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले.

विचार करा. पावसाबद्दल त्या विक्रेत्याला दोष दिला गेला नाही. दोष लपविण्याचा होता. परीक्षेची भीती हा असाच पाऊस आहे. भीती वाटणे हा गुनाह नव्हे. मात्र कॉपी करून मिळविलेली गुणपत्रिका म्हणजे वरून कोरडी आणि आतून ओली रास. ती पाहून प्रवेश किंवा नोकरी देणारा फसतो आणि प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचा हक्क मारला जातो. भीती हे कॉपीचे कारण असेल, समर्थन होऊ शकत नाही.

परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 1982 चा कायदा आहे. राज्य मंडळ कॉपीमुक्त अभियान राबविते, भरारी पथके पाठविते. हे आवश्यकच आहे; पण पथकाच्या हाती चिठ्ठी लागते, मनातली भीती लागत नाही. म्हणून मंडळ परीक्षाकाळात दूरध्वनीवर समुपदेशकही नेमते. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध असतो.

समुपदेशकाकडे जाणे ही ईमानाची दुर्बलता आहे, असे काहींना वाटते. हजरत मूसा (अ.) यांना फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा त्यांनी छाती खुली व्हावी, काम सोपे व्हावे, जिभेची गाठ सुटावी अशी दुआ केली. त्याच दुआत त्यांनी बंधू हारून (अ.) यांची सोबतही मागितली. सूरह ताहामध्ये हा प्रसंग आला आहे. प्रेषितालाही सोबत हवी वाटली, तर पंधरा वर्षांच्या मुलाने ती का मागू नये?

आपल्या नेऱ्याच्या शांतिवनात कुष्ठरुग्णांची सेवा होत आली आहे. लोकलज्जेने डाग लपविला की रोग बळावतो, वेळीच दाखविला की बरा होतो, हे नेरेकरांना वेगळे सांगायला नको. मनाचेही तसेच आहे.

तेव्हा माता-पित्यांनो, ‘मला गणित समजत नाही’ हे वाक्य तुमच्या मुलाला घरात निर्भयपणे उच्चारता येते का? शेजारच्या मुलाच्या टक्क्यांशी रोज तुलना करून आपणच त्याला ओले धान्य झाकायला शिकवीत असतो. त्याला ते वर ठेवू द्या. मग शिक्षक, समुपदेशक आणि तुम्ही मिळून ते वाळवू शकाल. प्रामाणिक 40 गुण ही हलाल कमाई आहे.

अल्लाह आपल्या मुलांना सचोटी आणि मनःशांती देवो. आमीन.