कपाळावरची राख

आमच्या चांदूर बाजारात चातुर्मास लागला, की कुणी कांदा सोडतो, कुणी वांगे. आणि सोडल्याचे चार घरी सांगूनही येतो. ख्रिस्ती बांधवांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ कपाळी राख लावून सुरू होतो. गंमत अशी, की त्याच दिवशी देवळात वाचले जाणारे शुभवर्तमान मात्र सांगते, की उपवासाच्या दिवशी तोंड धुवावे, डोक्याला तेल लावावे. तो लोकांना कळू देऊ नये.

मग राख कशाला? मला वाटते, राख सर्वांच्या कपाळी सारखीच. माणूस मातीचा, एवढेच ती सांगते. उपवास मात्र ज्याचा त्याने जाणावा.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्या पाठोपाठ गेल्या नाहीत. सोवळे सांभाळीत त्या थांबल्या आणि मनाला पटले तेव्हाच, १९०० साली, त्यांनी तो घेतला. पतीमागे जाणे सोपे होते, जनाच्या धाकाने अडून राहणेही सोपे होते. स्वतःच्या मनाची वाट पाहणे अवघड.

कार्तिकी एकादशी झाली, की कांदा घरोघर परत येईल. त्याच्याबरोबर आपले सोंग परत आले नाही, तर व्रत फळले म्हणावे.