नांग्या

चौथीचा वर्ग बाईंकडे जूनमध्ये नव्यानं आला. जालना जिल्ह्यातलं खेडं, जिल्हा परिषदेची शाळा. पहिल्याच आठवड्यात एका मुलानं धडा असा घडाघडा म्हटला की बाईंनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या थांबल्यावर त्यांच्या लक्षात आलं, मुलानं पान उलटलंच नव्हतं. त्यांनी मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हा कोणता रे?" मुलगा पहिल्या ओळीपासून पुटपुटत बोटापर्यंत आला, मग शब्द सांगितला. दुसऱ्या शब्दावर बोट ठेवलं, तर पुन्हा धड्याच्या सुरुवातीला गेला.

तीन वर्षं त्यानं कानांनी शाळा केली होती.

बाईंनी 'असर' या पाहणीत वापरतात तसा कागद तयार केला. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकारानं 2005 पासून स्वयंसेवक असाच कागद घेऊन घरोघर जातात: अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. वर्गातल्या 26 पैकी 11 जण गोष्टीपर्यंत पोचले. हा मुलगा म आणि भ मध्येच अडकला. तो एकटा नाही. 2024 च्या पाहणीत देशातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांत तिसरीच्या शंभरातल्या जेमतेम 23 मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली होती.

संध्याकाळी बाई त्याच्या आईला शोधत शेतात गेल्या. कपाशी दोन पानांवर होती. कमरेला बियांची पिशवी बांधून ती तासातासानं वाकून चालत होती. उगवलं नव्हतं तिथं नवं बी टोबत होती.

"नांग्या भरतेय, बाई. आत्ताच भरायच्या. उशीर झाला की शेजारची झाडं मागच्याला वर येऊ देत नाहीत."

बाईंनी मुलाचं सांगितलं. आई बराच वेळ गप्प राहिली. "दरसाल पास तर होत होता."

"आता चौथीचं पुस्तकही पुरं करायचंय," बाई स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "उशीर झालाय."

"पोरगं काय कपाशी आहे का, बाई? हंगाम गेला म्हणून जागा मोकळी सोडायची?" आणि ती पुन्हा वाकली.

दुसऱ्या दिवसापासून पहिला तास वाचनाचा. गट इयत्तेनं नाही, येतं त्यावरून पाडले. आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द, हा क्रम बाईंनी सोडला. त्या वाटेनं पहिलं वाक्य हाती लागेस्तोवर मुलाची वाचायची भूक मरते. त्यांनी म, क, ल आणि काना एवढंच घेतलं. त्यातून निघालं: मका, काम, माल, काल. पाचव्या दिवशी मुलानं सावकाश वाचलं, "मामाला काम. मला मका." आणि हसला. आजवर म्हटलेल्या कुठल्याही धड्याला तो हसला नव्हता.

मुख्याध्यापक म्हणाले, "पाठ मागे पडताहेत." बाई म्हणाल्या, "पडताहेत, सर." आणि तास चालू ठेवला.

दिवाळीत वेचणी लागली. पीक हाती येईस्तोवर बियाण्याची पिशवी आणि पावती जपायची असते. आईनं फळीवरून ती पिशवी काढून मुलापुढं धरली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं मधल्याच एका शब्दावर अंगठा टेकवला आणि पिशवीकडे नाही, त्याच्या ओठांकडे पाहत राहिली.

ओठ एका शब्दापुरतेच हलले. "पेरणी."