फ्लोराच्या गाडीमागे

मावळातल्या तळेगाव दाभाडेच्या फ्लोरिकल्चर पार्कातलं एखादं पॉलिहाऊस मनासमोर आणा. जानेवारी सरत आला आहे. डिसेंबरात छाटलेल्या गुलाबांनी कळी धरली आहे आणि कळीवर जाळीदार बडकॅप चढली आहे. श्वास संथ होऊ द्या. एकाच कळीकडे पाहा. तिचा भाव अजून ठरायचा आहे.

आता नजर १६३७ सालच्या एका डच छापचित्रावर न्या. क्रिस्पेन व्हान डे पासे धाकटा याने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. वाळूवरून मूर्खांची शिडाची गाडी सुटली आहे. उंच आसनावर फुलांची देवी फ्लोरा, हातात ट्यूलिप. सोबतीला पिणारे आणि पैशावर डोळा असलेले. मागून माणसं धावताहेत, आम्हालाही घ्या म्हणत. त्याच साली फेब्रुवारीत हारलेम शहरात ट्यूलिपच्या कंदांचा बाजार कोसळला होता. १६१४ साली ‘हॉर्टुस फ्लोरिडुस’ या ग्रंथात ज्याने पाकळी न् पाकळी मायेने कोरली, त्याच हाताने आता फूल हे हावेचं चिन्ह करून टाकलं.

घाई करू नका. गाडीमागे धावणाऱ्यांवर थांबा. त्यांनाच का हसायचं? इतिहासकार ॲन गोल्डगर यांनी त्या काळची कागदपत्रं चाळून २००७ मध्ये दाखवून दिलं, की सौदे मुख्यतः सधन व्यापाऱ्यांचे आणि कसबी कारागिरांचे होते. देश भिकेला लागल्याची कथा उपहासपत्रकांनी फुगवली. चित्र देखणं आहे, पण त्याने दिलेला निवाडा मला अन्यायाचा वाटतो.

पुन्हा मावळात या. सकाळच्या गारव्यात कात्री घेऊन बायका ओळीत शिरतात. देठ मोजून प्रतवारी, वीस फुलांची गड्डी, शीतगृह, मग मुंबईचा विमानतळ आणि युरोप. त्यात हॉलंडही आलं. व्हॅलेंटाइन डेआधीच्या या पंधरवड्यावर शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब टेकलेला असतो. ती हाव नव्हे, कर्जाचा हप्ता आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा उमललेली फुलं तोडून फेकून द्यावी लागली. तिथे कुणाची हाव नडली होती?

फुलाचा बाजार पडला की फूल पिकवणाऱ्याला मूर्खांच्या गाडीत बसवू नका. येत्या फेब्रुवारीत गुलाब घ्याल तेव्हा तो मावळातला आहे का, एवढं फुलवाल्याला जरूर विचारा.