ठाऊक गोष्टीचे देणे

प्रेक्षकाला गोष्ट आधीच ठाऊक आहे, एवढ्यावरून कुठल्याही चित्रपटाला कमी लेखता येत नाही. नाशिकमध्ये बसून तर नाहीच नाही. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा ती कथा कीर्तनाला बसणाऱ्या पोराटोरांनाही पाठ होती. चारच वर्षांनी त्यांनी तीच कथा ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावाने पुन्हा चित्रित केली. १९१८ साली हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, नाशिकला तिचे काम सुरू झाले आणि पाठोपाठ ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ हे कृष्णाचे दोन चित्रपट आले. लोकप्रिय नायक, ओळखीची कथा, एकामागून एक भाग: आज ज्याला फ्रँचाइज म्हणतात त्याची सगळी लक्षणे तिथे आहेत. म्हणून सिक्वेल, रिमेक, कादंबरीवरचे चित्रपट यांच्याविरुद्धची सरसकट ओरड मला पटत नाही. विचारायला हवे ते वेगळेच. पुढे काय होणार हे सांगण्याचे ओझे दिग्दर्शकाच्या डोक्यावरून उतरलेले असते. त्या मोकळ्या झालेल्या वेळेचे आणि ताकदीचे तो काय करतो?

फाळक्यांनी काय केले ते ‘कालिया मर्दन’च्या उपलब्ध प्रतीत आजही पाहता येते. चित्रपटाच्या सुरुवातीला कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर नुसती चेहऱ्यावरचे भाव दाखवते. हसते, रुसते, रागावते. एक लहान मुलगी आता देव होणार आहे, हे दिग्दर्शक लपवत नाही. उलट ते पाहण्यातच गंमत आहे, असे प्रेक्षकाला सुचवतो. मग कृष्ण डोहात उतरतो आणि पाण्याखालची झुंज दिसते. त्यांच्याच ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके यांनीच केले, आणि लोकांना ते मान्य झाले, कारण त्यांना कथा नव्याने कळायची नव्हती. हनुमान उडताना कसा दिसतो ते बघायचे होते. कीर्तनकार जे शब्दांनी सांगे, ते डोळ्यांपुढे उभे करण्यात फाळक्यांनी आपली सगळी हुशारी लावली. ठाऊक गोष्टीचे देणे त्यांनी असे चुकते केले.

ते फेडण्याची दुसरी रीतही याच नाशिक शहरात घडली. हं. प्रा. ठा. महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या वसंत कानेटकरांनी १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आणले. शिवाजी महाराजांची कथा महाराष्ट्राला नव्याने सांगायची काय गरज होती? अफझलखान, शाहिस्तेखान, आग्र्याहून सुटका हे सारे शाळेच्या पुस्तकात होते. कानेटकरांनी ते सगळे मागे ठेवले आणि राज्य उभे केलेल्या पण घर सावरता न येणाऱ्या बापाला रंगमंचावर आणले. एकीकडे वारशाचा प्रश्न, दुसरीकडे सोयराबाई आणि दरबारातले मंत्री, आणि समोर मोगल सरदार दिलेरखानाकडे जाऊन परत आलेला मुलगा. रंगमंचावर ना घोडदळ, ना तोफा. पाठ असलेल्या इतिहासातून प्रेक्षकाला अजिबात पाठ नसलेले एक मन सापडले. सहा वर्षांनी ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये ते संभाजी महाराजांच्या अखेरीकडे वळले, तेही त्याच जिज्ञासेने.

या पार्श्वभूमीवर अलीकडचे ऐतिहासिक चित्रपट पाहिले की मन खट्टू होते. दिग्पाल लांजेकरांनी शिवराज अष्टक हाती घेतले, ही महत्त्वाकांक्षा मोठी आहे आणि तिचा मला आदर वाटतो. ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’ हे २०१८ ते २०२३ या काळातले चित्रपट. ‘फत्तेशिकस्त’मध्ये हेरगिरीची आखणी कशी होते याकडे लक्ष गेले, तेवढ्या भागात तो चित्रपट जिवंत झाला. पण एकूण मालिकेत प्रत्येक भाग एका मोहिमेवर बेतलेला आहे, आणि मोहिमेचा शेवट ठाऊक असल्यामुळे मधला सारा वेळ घोषणा, शपथा आणि स्लो मोशनमधल्या तलवारींनी भरला जातो. टाळी कुठे पडणार हे आधी ठरते, प्रसंग नंतर लिहिला जातो. ‘छावा’ (२०२५) हा हिंदी चित्रपट शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीवर आधारलेला. कादंबरी संभाजीराजांच्या जन्मापासून चालते. चित्रपट शिवाजी महाराजांच्या मृत्यूची बातमी औरंगजेबाला कळते तिथून सुरू होतो. म्हणजे बापलेकांमधला सर्वांत अवघड काळ चित्रपट सुरू होण्यापूर्वीच मागे टाकलेला. साखळदंडात जखडलेले राजे आणि त्यांचे मित्र कवी कलश एकमेकांना ओळीला ओळ देतात, तो प्रसंग मात्र खरोखर चांगला आहे, कारण तिथे ‘बुधभूषण’ लिहिणारा संस्कृतज्ञ राजा क्षणभर दिसतो. बाकी वेळ सिंहाशी झुंजणारा योद्धाच समोर असतो.

यावर पहिले उत्तर मिळते ते श्रद्धेचे. हे आपले दैवत आहे, त्यात कल्पनेचे खेळ नकोत. ‘छावा’च्या ट्रेलरमध्ये संभाजीराजे लेझीम खेळताना दिसले, त्यावर आक्षेप आले आणि प्रदर्शनापूर्वी ते दृश्य काढण्यात आले. इतिहासाच्या नावाखाली काहीही खपवले जाऊ नये, ही काळजी रास्त आहे. पण आनंदाने चार पावले टाकणारा राजा आपल्याला सोसत नसेल, तर आपल्या आदराला माणूस नको आहे, पुतळा हवा आहे. कानेटकरांच्या शिवाजीने लेकरासाठी तळमळावे, हे साठ वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाने मानले. त्याची श्रद्धा आपल्यापेक्षा कमी होती असे कोण म्हणेल?

दुसरे उत्तर असे, की नव्या पिढीला निदान एवढा तरी इतिहास कळतो. कळतो, पण कोणता? १६७३ साली चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना महाराजांकडून गेलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच संपवलीत तर पावसाळ्यात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्याच्या घरी जाऊन धान्य, गवत, भाजी उचलाल, आणि लोक म्हणतील याहून मोगल बरे, असा त्याचा आशय. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, इतकी बारीक सूचना त्यात आहे. उंदराने नेलेल्या वातीपर्यंत ज्याचे लक्ष पोचते तो राजा कसा विचार करत असेल, हा एका अख्ख्या चित्रपटाचा ऐवज आहे. तो नाट्यमय नाही, हे म्हणणे मला पटत नाही. पागेत कोरडे गवत, कोपऱ्यात तेवता दिवा, बाहेर दमलेले शिपाई: यात ताण नाही काय?

तिसरे उत्तर पैशाचे, आणि ते सर्वांत प्रामाणिक आहे. मराठी चित्रपटाला पडदे मिळवण्यासाठीच झगडावे लागते. ओळखीचे नाव असले की निर्मात्याला धीर येतो. मान्य. मात्र ओळखीचे नाव घेऊनही आपले काही घालता येते, याचा पुरावा कुसुमाग्रजांच्या ‘नटसम्राट’ने दिला आहे. १९७० च्या या नाटकावर महेश मांजरेकरांनी २०१६ साली चित्रपट केला, तेव्हा रामभाऊ हा गणपतराव बेलवलकरांचा नट मित्र त्यात नव्याने आणला. मृत्युशय्येवरचा विक्रम गोखल्यांचा रामभाऊ आणि त्याच्यासमोर नाना पाटेकरांचे गणपतराव, दोघे कर्ण-कृष्णाचा प्रवेश करतात. मूळ नाटकाच्या स्वगतांना हात न लावता त्या एका प्रवेशाने बेलवलकरांचे एकटेपण अधिक खोल झाले. चित्रपटात इतर ठिकाणी सैलपणा आहे, पण या जागी रूपांतरकाराने मूळ लेखकाशी बरोबरीने संवाद साधला, आणि लोकांनी गर्दी करून ते पाहिले.

थिएटरात डोळे पुसणारा प्रेक्षक खोटा नसतो. संभाजीराजांच्या अखेरीचा तुळापूरचा प्रसंग पाहताना येणारे पाणी खरेच असते. फक्त ते पाणी त्याने घरून आणलेले असते, आजीच्या गोष्टींतून, पोवाड्यांतून. चित्रपटाने त्यात किती भर घातली, हे दिग्दर्शकाने स्वतःला विचारावे.

नाशिकहून पेठ रस्त्याने आशेवाडी गाठली की रामशेज दिसतो. उंची बेताची, तटबंदी फार अवघड नाही. संभाजीराजांच्या काळात, १६८२ पासून, हा किल्ला मोगली फौजेसमोर वर्षानुवर्षे टिकून राहिला. किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या. लाकूड पोखरून, त्याला चामडे लावून गडकऱ्यांनी तोफा बनवल्या, असे मोगलांच्याच बाजूच्या खाफीखानाने लिहून ठेवले आहे. पोस्टरवर झळकावा असा कोणी एक प्रसिद्ध नायक या वेढ्यात नाही, बहुधा म्हणूनच या कथेवर मोठा चित्रपट करावा असे कोणाला वाटत नाही. रसद कशी पोचली, पावसाळे कसे काढले, लाकडाची तोफ पहिल्यांदा डागताना जवळ कोण उभे राहिले, हे पडद्यावर दाखवायचे तर दिग्दर्शकाला प्रत्येक प्रसंग स्वतः शोधावा लागेल. प्रेक्षकाने घरून आणलेले पाणी तिथे उपयोगी पडणार नाही.